घानाचा इतिहास किनाऱ्यावरून सुरू होत नाही

रानवाटा

घानाबद्दल आपल्याकडे जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक १४८२ सालापासून, एल्मिनाच्या किल्ल्याच्या पायाभरणीपासून सुरू होतं. पोर्तुगीज आले, सोनं नेलं. मग डच, डेन, इंग्रज आले, माणसं नेली. मग स्वातंत्र्यलढ्याचा नेता एन्क्रुमा, ६ मार्च १९५७, स्वातंत्र्य. यातलं काहीच खोटं नाही. पण कामानिमित्त गेली काही वर्षं मी तेमाला राहतोय, राजधानी आक्रा ते उत्तरेतलं तमाले हा रस्ता अनेकदा तुडवलाय, आणि ही सुरुवात चुकीच्या टोकाकडून होते असं माझं ठाम मत झालंय. हा देश समजून घ्यायचा तर समुद्राकडे पाठ करून उत्तरेकडे बघावं लागतं.

आधी नकाशा. क्षेत्रफळ २,३८,५३३ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊणपटीहून थोडं जास्त. २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३ कोटी ८ लाख. पश्चिमेला आयव्हरी कोस्ट, पूर्वेला टोगो, उत्तरेला बुर्किना फासो. शून्य रेखावृत्त तेमा शहरातून जातं, आणि विषुववृत्त व शून्य रेखावृत्त जिथे छेदतात त्या समुद्रातल्या बिंदूला सगळ्यांत जवळची जमीन म्हणजे घानाचं केप थ्री पॉइंट्स हे टोक.

आता हा देश आडव्या पट्ट्यांत बघा. दक्षिणेला समुद्रकाठचा पट्टा, त्यामागे घनदाट जंगलाचा, आणि त्याच्याही वर गवताळ माळरान, जे पार साहेलपर्यंत, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत जातं. सगळ्यांत नवल किनाऱ्याच्या पावसाचं. नैर्ऋत्येला आक्सिमजवळ वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच किनाऱ्यावर पूर्वेला असलेल्या आक्र्यात जेमतेम साडेसातशे. आक्र्याजवळचा किनारा पावसाळी वाऱ्यांना जवळजवळ समांतर जातो आणि जुलै ते सप्टेंबर समुद्राच्या तळाचं थंड पाणी वर येतं, त्यामुळे ढग येतात पण रिते होत नाहीत. त्याच थंड पाण्याबरोबर छोट्या हेरिंगजातीच्या माशांचे थवे येतात आणि कोळीवाड्यांचा खरा हंगाम तेव्हाच असतो. दक्षिणेत पावसाचे दोन हंगाम, उत्तरेत एकच. डिसेंबर ते फेब्रुवारी सहाराकडून हरमॅटन वारा येतो. तमालेला मी तो पहिल्यांदा अनुभवला तेव्हा दुपारचा सूर्य चंद्रासारखा फिकट दिसत होता आणि ओठ फुटून रक्त येत होतं.

या पट्ट्यांमधल्या सीमारेषेवर घानाचा इतिहास घडला. जंगलात सोनं आहे आणि कोलाची झाडं आहेत. माळरानात गुरं, घोडे, कापड, आणि त्याच्याही पलीकडे सहाराचं मीठ आहे. जंगलात त्सेत्से माशीमुळे ओझ्याची जनावरं जगत नाहीत. त्यामुळे उत्तरेकडून येणारा गाढवांचा तांडा जंगलाच्या कडेला थांबायचाच, आणि तिथून पुढे माल माणसाच्या डोक्यावर. जिथे हे ओझं जनावराच्या पाठीवरून माणसाच्या डोक्यावर जातं तिथे बाजार उभा राहणार हे उघड आहे. बेघो हे गाव असं उभं राहिलं. आजच्या मालीतल्या जेन्ने-टिंबक्टूकडून येणारे वांगारा मुसलमान व्यापारी तिथे राहायचे आणि जंगलातल्या अकान लोकांकडून सोनं घ्यायचे. पोर्तुगीज जहाज क्षितिजावर दिसायच्या कितीतरी आधीपासून हे चालू होतं. पोर्तुगीज १४७१ साली शामा गावाजवळ उतरले तेव्हा त्यांना सोनं सापडलं ते याच व्यापाराचं. त्यांनी फक्त त्याला दक्षिणेचं दार उघडून दिलं.

कोलाबद्दल थोडं सांगायलाच हवं. चेस्टनटएवढं, कडू, तुरट बी. चघळलं की तरतरी येते आणि भूक दबते. इस्लामला दारू चालत नाही, कोला चालतो, म्हणून पार हौसा मुलखापर्यंत (आजचा उत्तर नायजेरिया) त्याला मागणी. पण तो सुकला की किंमत गेली. त्यामुळे करंड्यांत मोठी ओली पानं अंथरून त्यात तो भरायचा आणि वाटेत ठरावीक मुक्कामांवर करंडी उपसून एकेक बी तपासायचं, किडकं काढायचं, पानं बदलायची. तमालेच्या बाजारात आजही बायका तसंच करताना दिसतात.

याच अकान लोकांचं असांते राज्य अठराव्या शतकाच्या तोंडावर उभं राहिलं ते नेमकं या दोन दारांच्या मधोमध. ओसेई टुटू या राजाने आणि ओकोम्फो अनोक्ये या पुरोहिताने विखुरलेली गावं एका सुवर्णासनाभोवती बांधली, १७०१ मध्ये देंकियिरा या वरचढ राज्याचा फेयियासे इथे पराभव केला, आणि कुमासीहून चारी दिशांना मोठे रस्ते काढले. समुद्राकडे सोनं, उत्तरेला कोला. सोन्याची धूळ हेच चलन. ती तोलायची पितळी वजनं मी कुमासीच्या वस्तुसंग्रहालयात पाहिली. बोटाच्या पेराएवढी. एकावर मागे वळून बघणारा पक्षी, एकावर शेपट्या अडकलेल्या मगरी, एकावर ढोल वाजवणारा माणूस. बहुतेक आकृत्यांमागे एखादी म्हण आहे, म्हणजे सौदा करताना वजनही काहीतरी बोलायचं.

इंग्रजांना असांते जिंकायला जवळजवळ शतक लागलं. १८२४ मध्ये त्यांचा गव्हर्नर सर चार्ल्स मॅकार्थी लढाईत मारला गेला. १८७४ मध्ये वोल्सलीने कुमासी जाळलं. १८९६ मध्ये राजा प्रेम्पेह याला पकडून नेलं. १९०० साली गव्हर्नर हॉजसन कुमासीत येऊन म्हणाला, सुवर्णासन आणा, मला त्यावर बसू द्या. त्या आसनावर असांतेंचा राजासुद्धा बसत नाही. ते स्वतःच्या वेगळ्या खुर्चीवर ठेवलेलं असतं, कारण त्यात साऱ्या जमातीचा आत्मा आहे अशी श्रद्धा आहे. याआ आसांतेवा नावाच्या एजिसूच्या राजमातेने लढा पुकारला. तिचा नातू प्रेम्पेहबरोबरच हद्दपार झाला होता. कुमासीच्या किल्ल्यात गव्हर्नरलाच वेढा पडला. लढा अखेर मोडला, तिला सेशेल्सला पाठवलं, तिथेच १९२१ मध्ये ती वारली. आसन मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागलं नाही.

म्हणजे १९५७ मध्ये जो देश स्वतंत्र झाला तो चार तुकड्यांचा होता: किनाऱ्यावरची गोल्ड कोस्ट वसाहत, १९०२ मध्ये जोडलेलं असांते, त्याच वर्षीचा उत्तर प्रदेश, आणि जर्मनीकडून पहिल्या महायुद्धात घेतलेल्या टोगोलँडचा पश्चिम भाग, जो १९५६ च्या सार्वमतात सुमारे ५८ टक्के मतांनी सामील झाला. नव्या देशाला नाव दिलं गेलं ते प्राचीन घाना साम्राज्याचं. ते साम्राज्य आजच्या मॉरिटानिया-मालीच्या सीमेवर, शेकडो किलोमीटर वायव्येला होतं. स्वातंत्र्याच्या पिढीनेही आपलं मूळ उत्तरेकडेच शोधलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

व्होल्टा नदीवरच्या अकोसोम्बो धरणाबद्दल लिहायचं राहिलंय. कुणाला रस असेल तर प्रतिसादांत बोलू.

सागरतीर

लेख अतिशय आवडला, रानवाटा. कोलाच्या करंड्या आणि पितळी वजनं वाचताना डोळ्यांसमोर उभी राहिली.

पण मूळ मुद्द्याशी मी सहमत नाही. मी केप कोस्टचा किल्ला पाहिला आहे. पुरुष गुलामांच्या तळघरात उतरल्यावर वाटाड्याने दिवा बंद केला आणि छताजवळचा एक झरोका तेवढा उरला. शेकडो माणसं तिथे आठवडेच्या आठवडे कोंडलेली असायची. जमीन काळी, टणक. ती दगडाची नाही, माणसांच्या मळाचा शतकांचा थर आहे, असं त्याने सांगितलं. आणि त्याच तळघराच्या बरोबर वर चर्च. वर प्रार्थना चालायची तेव्हा खाली काय आवाज येत असतील, हा विचार माझ्या मनातून आजही जात नाही. ज्या देशाच्या किनाऱ्यावर हे घडलं, त्याचा इतिहास "किनाऱ्यावरून सुरू होत नाही" असं शीर्षक देणं मला खटकलं. अटलांटिकपलीकडच्या लाखो लोकांसाठी तो तिथूनच सुरू होतो.

रानवाटा

सागरतीर, तुमचं म्हणणं मनाला भिडलं. अमेरिका-कॅरिबियनमधून येणाऱ्या लोकांसाठी त्या किल्ल्याला जो अर्थ आहे, त्यावर मी बोट ठेवू शकत नाही.

तरीही त्या तळघरात जी माणसं कोंडली गेली ती आली कुठून, हे विचारलं की पुन्हा उत्तरेकडेच जावं लागतं. त्यांतली असंख्य उत्तरेच्या माळरानातून आलेली होती. असांतेंनी उत्तरेतल्या दागोम्बा आणि गोंजा राज्यांना मांडलिक केलं होतं आणि खंडणीत माणसं घेतली जायची. उत्तरेतल्याच सालागाच्या बाजारात कोला, गुरं आणि माणसं शेजारी शेजारी विकली जात. इंग्रजांनी १८०७ मध्ये अटलांटिकचा गुलामव्यापार कायद्याने बंद केल्यावरही सालागाचा बाजार कित्येक दशकं चालूच राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाबातू आणि सामोरी या गुलाम पकडणाऱ्या सरदारांच्या घोडेस्वारांच्या धाडींपासून वाचण्यासाठी ग्वोल्लू गावाने भोवती मातीची तटबंदी बांधली. तिचे तुकडे आजही उभे आहेत. केप कोस्टला जितके लोक जातात त्याच्या शंभराव्या हिश्शानेही ग्वोल्लूला जात नाहीत, माझी तळमळ आहे ती हीच.

आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. सुरुवातीला, पंधराव्या शतकाच्या अखेरीस आणि सोळाव्या शतकात, पोर्तुगीज लोक एल्मिनाला माणसं आणत होते. पूर्वेकडच्या बेनिन राज्याच्या बाजूने गुलाम विकत घ्यायचे आणि एल्मिनाला अकान व्यापाऱ्यांना सोन्याच्या बदल्यात द्यायचे, कारण त्यांना सोनं हवं होतं आणि जंगल साफ करायला, ओझी वाहायला अकानांना माणसं हवी होती. सोन्याचा किनारा गुलामांचा किनारा झाला तो नंतर, अमेरिकेतल्या उसाच्या मळ्यांची भूक वाढल्यावर.

सागरतीर

हे खरंच माहीत नव्हतं. शीर्षकाबद्दलचं माझं मत तेच आहे, पण ग्वोल्लूचं नाव नोंदवून ठेवलं.

दगडफूल

उत्तम धागा. भूगोलात एक भर घालते. कुमासीपासून साधारण ३० किलोमीटरवर बोसुम्त्वी नावाचं गोल तळं आहे. सुमारे १०.७ लाख वर्षांपूर्वी उल्का आदळून तयार झालेलं. विवराचा व्यास साडेदहा किलोमीटर, तळ्याचा सुमारे आठ.

आपलं लोणार याच कुळातलं, १.८ किलोमीटर व्यासाचं. दोन्हींचा अभ्यास करणारे लोक एकमेकांचे निष्कर्ष सतत ताडून बघतात, कारण खडक पूर्ण वेगळे आहेत. लोणार बेसाल्टमध्ये आहे, म्हणून चंद्र आणि मंगळावरची विवरं समजायला उपयोगी. बोसुम्त्वी जुन्या रूपांतरित खडकात आहे. त्या आघातात वितळून उडालेले काचेचे थेंब आयव्हरी कोस्टमध्ये सापडतात, आणि त्यांचं रसायन व वय बोसुम्त्वीच्या खडकाशी जुळल्यामुळेच ते या विवरातून उडाले हे पक्कं झालं.

त्याहून मोलाची गोष्ट तळ्याच्या तळाशी आहे. बोसुम्त्वीला बाहेर जाणारी नदी नाही, त्यामुळे गाळ थरावर थर तसाच साठत राहिला. २००४ मध्ये तिथे खोल छिद्रं पाडून गाळाचे नमुने काढले. पश्चिम आफ्रिकेतल्या पावसाळ्याची जवळजवळ दहा लाख वर्षांची वही त्यात आहे. गेल्या काही हजार वर्षांत तिथे दशकानुदशकं, कधी शतकभरही चाललेले दुष्काळ पडून गेले, हे त्यातून कळलं. १९७०-८० च्या दशकांतला साहेलचा दुष्काळ आपल्याला भयंकर वाटतो. त्या गाळात त्याहून कितीतरी लांबलेले दुष्काळ नोंदलेले आहेत.

रानवाटा

दगडफूल, मनापासून आभार. बोसुम्त्वीला मी गेलोय. असांतेंच्या श्रद्धेप्रमाणे मेलेल्या माणसाचा आत्मा जगाचा निरोप घ्यायला या तळ्यावर येतो. पाण्याला लोखंड लावायचं नाही असा जुना दंडक आहे. म्हणून तिथले मासेमार होडी न वापरता एका जाड फळीवर पोटावर झोपतात किंवा बसतात आणि दोन्ही हातांनी पाणी मागे सारत जातात. त्या फळीला पादुआ म्हणतात. सकाळी धुकं असताना चार-पाच जण असे दूरवर जाताना दिसतात, आणि फळी पाण्याखाली दबलेली असल्याने माणूस नुसता पाण्यावर बसल्यासारखा वाटतो.

पांढरासमुद्र

प्रेम्पेहची हद्दपारी वाचून आम्हा रत्नागिरीकरांना थिबाची आठवण येणारच. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८६ मध्ये इथे आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच गेला. राजाला मारायचं नाही, त्याला त्याच्या लोकांपासून इतकं दूर समुद्रापलीकडे ठेवायचं की त्याच्या नावाने बंड उभं राहू नये, ही इंग्रजांची ठरलेली रीत. झांझिबारचा, युगांडाचा, असांतेंचा, सगळे राजे याच रीतीने गेले.

प्रेम्पेह परत तरी येऊ शकला का? थिबाला ते भाग्य लाभलं नाही.

रानवाटा

आला, पांढरासमुद्र. १९०० ते १९२४ सेशेल्समध्ये होता. तिथे इंग्रजी लिहायला शिकला, ख्रिस्ती झाला. १९२४ मध्ये खासगी नागरिक म्हणून कुमासीला परत आणलं, १९२६ मध्ये फक्त कुमासीचा प्रमुख म्हणून मान्यता दिली. साऱ्या असांतेंचा राजा ही पदवी इंग्रजांनी पुन्हा मान्य केली ती १९३५ मध्ये, त्याच्या वारसाच्या काळात. तो वारस म्हणजे प्रेम्पेह दुसरा. अकान लोकांत नाती आईच्या बाजूने मोजली जातात, मुलगा बापाच्या गादीवर बसत नाही. म्हणूनच राजमातेचं पद तिथे शोभेचं नाही. नवा राजा सुचवायचा अधिकार तिचा.

या गोष्टीचा अलीकडचा भाग असा. १८७४ मध्ये कुमासीच्या राजवाड्यातून लुटलेले सोन्याचे काही अलंकार २०२४ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने कुमासीला पाठवले, पण तीन वर्षांच्या उसन्या बोलीवर. त्याच वर्षी अमेरिकेतल्या फाउलर म्युझियमने आपल्याकडच्या सात वस्तू कायमच्या परत केल्या. दोन्हीकडच्या वस्तू मान्हिया राजवाड्याच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. लुटलेली वस्तू मूळ मालकाला उसनी देण्याचा अपमान मला सहन होत नाही, इतकंच म्हणतो.

काजूगर

वेंगुर्ल्याहून लिहितोय. आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. घाना आमच्यासाठी इतिहास नाही, रोजचा भाव आहे.

कोकणातली बी वर्षभर कारखाना चालवायला पुरत नाही. मार्च ते मेचा माल संपला की पश्चिम आफ्रिकेची बी लागते: घाना, आयव्हरी कोस्ट, बेनिन, गिनी-बिसाऊ. खरेदी आउटटर्नवर होते, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो. कंटेनर आला की पोत्यांतून नमुना काढून बी कापायची, आणि चांगला, डागी, पोकळ असे वेगळे ढीग लावून वजन करायचं. गिनी-बिसाऊचा आउटटर्न बहुतेक वेळा वरचढ. घानाच्या मालात वाळवण नीट झालेलं नसलं तर बी प्रवासात घामेजते आणि गर पिवळा पडतो.

आयात बी आली की इथल्या बागायतदाराचा भाव पडतो, हे मी कारखानदार असूनही मान्य करतो. माझ्या घरची बागही आहे. पण रानवाटांना एक विचारायचं आहे: तिकडच्या शेतकऱ्याला काय मिळतं? घानाने स्वतःच गर काढून विकायचं ठरवलं तर आमचं काय होईल तो भाग वेगळा, पण त्यांनी ते का केलं नाही अजून?

रानवाटा

काजूगर, तुमचा प्रश्न नेमका त्या सीमारेषेवर जातो ज्याबद्दल मी वर लिहिलंय. घानाचा काजू पिकतो तो वेंची, तेचिमान, साम्पा या भागात, जिथे जंगल संपतं आणि माळरान सुरू होतं. बेघो याच भागात होतं. पूर्वी तिथून कोला जायचा, आता काजू जातो.

तिथला शेतकरी बी बहुधा वाळवणीच्या घाईत गावच्या दलालाला विकतो, कारण हंगाम येतो तेव्हा मुलांची फी आणि पेरणीचा खर्च समोर उभा असतो. कारखाने निघाले, काही बंद पडले. भांडवल महाग, विजेचा खर्च मोठा, आणि भारत-व्हिएतनामचे खरेदीदार थेट शेतावर येऊन कच्ची बी जास्त भावाने उचलतात, मग तिथल्या कारखान्याला बी उरत नाही.

कोकोचीही हीच गत आहे. टेटे क्वार्शी नावाच्या लोहाराने १८७९ मध्ये फर्नांडो पो बेटावरून कोकोच्या बिया आणून माम्पोंग गावात लावल्या. १९११ पर्यंत गोल्ड कोस्ट जगातला सगळ्यांत मोठा कोको निर्यातदार झाला, आणि हे मळेवाल्या गोऱ्यांनी केलं नाही, छोट्या आफ्रिकी शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने जमिनी घेऊन केलं. १९३७-३८ मध्ये भाव पाडणाऱ्या युरोपीय कंपन्यांना त्यांनी महिनोन्‌महिने माल विकलाच नाही. आज आयव्हरी कोस्टनंतर घानाचाच कोको, पण चॉकलेट युरोपात बनतं. आणि आता कोकोच्याच जमिनी बेकायदा सोनेखाणीवाले उकरतायत. प्रा आणि ऑफिन नद्यांचं पाणी मी पाहिलंय. चहात दूध जास्त पडावं तसा रंग.

बंदरवाला

माझे वडील फौजेत होते, त्यामुळे एक धागा जोडतो. दुसऱ्या महायुद्धात गोल्ड कोस्टचे सुमारे ६५ हजार लोक इंग्रजांकडून सैन्यात होते. त्यांतले कित्येक ८१ व्या आणि ८२ व्या पश्चिम आफ्रिकी डिव्हिजनमधून भारतमार्गे ब्रह्मदेशात गेले. अराकानच्या कलादान खोऱ्यात रस्ते नव्हते, तिथे डोक्यावर ओझी वाहणाऱ्या त्यांच्या तुकड्यांवर सगळा पुरवठा चालायचा.

परतल्यावर त्यांना कबूल केलेलं निवृत्तिवेतन आणि कामं मिळाली नाहीत. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी हे माजी सैनिक नि:शस्त्र अर्ज घेऊन आक्र्यात गव्हर्नरच्या ख्रिश्चनबोर्ग किल्ल्याकडे निघाले. चौकात पोलीस अधिकाऱ्याने गोळीबार केला आणि सार्जंट अडजेटे, कॉर्पोरल अटिपोए, प्रायव्हेट ओडार्टे लाम्प्टे हे तिघे ठार झाले. शहर पेटलं. तिथून स्वातंत्र्यापर्यंत नऊ वर्षं. ज्यांनी जपान्यांच्या गोळ्या चुकवल्या ते स्वतःच्या शहरात सरकारी गोळीने गेले, हे वाचताना आजही हात थरथरतात.

मुक्ता_के

एन्क्रुमा त्या वेळी कुठे होता? आणि ज्याने देश स्वतंत्र केला त्यालाच लोकांनी हाकललं, असं का झालं?

रानवाटा

मुक्ताताई, एन्क्रुमा तेव्हा नुकताच परदेशातून परतून एका पक्षाचा सचिव झाला होता. गोळीबारानंतर त्याला आणि आणखी पाच पुढाऱ्यांना पकडलं. पुढे १९४९ मध्ये त्याने स्वतःचा पक्ष काढला, १९५० मध्ये गांधीजींच्या मार्गावरून प्रेरणा घेऊन संप-असहकार पुकारला, पुन्हा तुरुंगात गेला, आणि फेब्रुवारी १९५१ ची निवडणूक तुरुंगातून लढवून जिंकला. २३,१२२ पैकी २२,७८० मतं. गव्हर्नरला त्याला सोडून सरकार बनवायला बोलवावं लागलं.

उतरण का लागली याचं एक कारण धरणाच्या गोष्टीत आहे. व्होल्टा नदी उत्तरेकडून, बुर्किना फासोतून येते. अकोसोम्बोला ती डोंगरांच्या अरुंद खिंडीतून जाते. तिथे १९६१ ते १९६५ मध्ये धरण झालं आणि मागे सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं सरोवर पसरलं, पृष्ठभागाने जगातलं सगळ्यांत मोठं मानवनिर्मित सरोवर. सुमारे ७४० गावं बुडाली, ८० हजार माणसं ५२ नव्या वसाहतींत हलवली. वीज मुख्यतः तेमाच्या ॲल्युमिनियम कारखान्यासाठी होती. तो तेव्हा अमेरिकी कंपनीचा. घानात बॉक्साइट हे ॲल्युमिनियमचं खनिज असूनही कारखाना त्यापासून बनणारा अल्युमिना बाहेरून आणायचा, आणि वीज त्याला करारानेच अतिशय स्वस्त. २२ जानेवारी १९६६ ला एन्क्रुमाने धरणाचं उद्घाटन केलं. २४ फेब्रुवारीला तो परदेशात असताना लष्कराने सत्ता घेतली. त्या वेळेपर्यंत कोकोचा भाव कोसळला होता, तिजोरी रिकामी होती, विरोधक खटल्याशिवाय तुरुंगात होते. जे. बी. डॅन्क्वा हे १९४८ मध्ये त्याच्याबरोबर पकडले गेलेले नेते १९६५ मध्ये त्याच्याच तुरुंगात वारले. एन्क्रुमाबद्दल मला खूप आदर आहे, आणि तरीही ही गोष्ट त्याच्या नावावरून पुसता येत नाही.

मेगावॅट

वीजक्षेत्रात आयुष्य गेलं माझं, म्हणून धरणाची बाजू मांडतो. कारखान्यासारखा मोठा, चोवीस तास वीज घेणारा ग्राहक नसता तर जागतिक बँकेने कर्जच दिलं नसतं. ते धरण आज साठ वर्षांनंतरही देशाला वीज देतंय, टोगो-बेनिनलाही दिली. १९६० च्या दशकात नव्या देशाकडे दुसरा मार्ग काय होता?

रानवाटा

मेगावॅट साहेब, कर्जाचा मुद्दा पटतो. माझं दुखणं वाटपाचं आहे. नदी आली उत्तरेकडून, आणि तमालेपर्यंत या धरणाची वीज पोचायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली. धरणाखाली टोंगू भागातल्या बायका नदीत बुडी मारून शिंपले काढायच्या, पुराच्या गाळात शेती व्हायची. पूर थांबला आणि ते दोन्ही धंदे बसले. सरोवराच्या काठी साचलेल्या पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि त्यांच्यामार्फत होणारा बिलहार्झिया हा रोग पसरला.

आणि जंगल न तोडताच पाणी भरलं. येजीच्या फेरीवरून जाताना पाण्यातून वर आलेले करडे बुंधे अजून दिसतात. जे दिसतात त्यांची भीती नाही. पाण्याच्या वीतभर खाली राहिलेल्या खोडांवर माणसांनी खचाखच भरलेल्या लाकडी होड्या आपटतात आणि दरवर्षी लोक बुडतात. ती खोडं काढायला मोठा खर्च आहे, पण साठ वर्षं हाताशी होती.

पांढरासमुद्र

नकाशा उघडून बसलोय. माझ्या जुन्या ॲटलासमध्ये १० प्रांत दिसतात, नेटवर १६. कोणते खरे?

रानवाटा

१६. डिसेंबर २०१८ मध्ये सार्वमत घेऊन सहा नवे प्रांत केले: सवाना, नॉर्थ ईस्ट, ओटी, बोनो ईस्ट, अहाफो आणि वेस्टर्न नॉर्थ. यातला ओटी जुन्या व्होल्टा प्रांताचा उत्तर भाग, म्हणजे सरोवराचा पूर्वकाठ. नवा नकाशा घेताना तेचिमान हे बोनो ईस्टचं मुख्य ठिकाण म्हणून दाखवलंय का ते बघा, दाखवलं असेल तर तो नकाशा चालेल.